निळ्या चित्राची काच

फ्रेमवाल्या काकूंनी तीस वर्षांत हजारो चित्रं चौकटीत बसवली, पण भिंतीवर टांगलेलं एकही बघायला त्या कधी गेल्या नाहीत. "आपलं काम मागच्या बाजूचं," म्हणायच्या. परवा कामाच्या टेबलाखाली झाडू फिरवताना चार बारीक लाकडी पट्ट्या निघाल्या. काकूंनी त्या मापावरून लगेच ओळखल्या. चित्रं जमवणाऱ्या साहेबांच्या निळ्या चित्राच्या! काच रंगाला टेकू नये म्हणून मध्ये बसवायच्या पट्ट्या. चित्र न्यायला आलेला साहेबांचा ड्रायव्हर तेव्हा दारात उभा राहून घाई करत होता, त्या गडबडीत राहूनच गेल्या. जाड रंग एकदा काचेला चिकटला की चित्राचं वाटोळं.

"आई, वर्ष झालं त्याला. गप्प बस," मुलगी म्हणाली. "कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस? दुकानाचं नाव जाईल."

"जाऊ दे गेलं तर. ते चित्र काढणारा चित्रकार वारला. परत कोण काढून देणार आहे?" काकूंनी पेचकस पिशवीत टाकला आणि त्या साहेबांच्या प्रदर्शनाकडे निघाल्या.

प्रदर्शनात साहेबांनी आयुष्यभर जमवलेली नव्या धर्तीची कामं मांडली होती. एका दालनात नुसत्या गंजक्या बादल्या. "अगं बाई, ह्या तर आमच्या मोरीतही आहेत," काकू पुटपुटल्या, पण थांबल्या नाहीत. निळ्या चित्रापाशी गर्दी होती. काकूंनी भिंतीला गाल लावून तिरकं पाहिलं. खालच्या कोपऱ्यात बटणाएवढा ओलसर डाग. रंग काचेला चिकटला होता.

"तो ओलावा बघा, काय जिवंत वाटतो!" मागून कोणीतरी म्हणालं.

साहेब जवळच उभे होते. काकूंनी त्यांना सगळं सरळ सांगून टाकलं.

"अहो, लोकांना आवडतंय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "महिन्याभराने बघू."

"महिन्याभरात डाग तळहाताएवढा होईल. आत्ता उतरवा."

"एवढ्या लोकांसमोर? तुमचीच शोभा होईल, काकू."

"होऊ दे की! चूक माझी, मग शोभा काय शेजारणीची व्हायची?"

साहेबांनी पहारेकऱ्याला खूण केली. चित्र उतरलं, लोक कुजबुजायला लागले. साहेबांनी रिकाम्या जागी लावायला चिठ्ठी लिहायला घेतली, 'काही कारणास्तव'.

"काही कारणास्तव काय? लोक त्या बिचाऱ्या चित्रकाराच्या रंगाला नावं ठेवतील. लिहा, चित्र दुरुस्तीला नेलं आहे, चूक फ्रेम करणारीची. आणि खाली माझ्या दुकानाचा पत्ता."

साहेबांचा हात थबकला. "पत्ता कशाला?"

"मग? ज्याला शिव्या घालायच्यात त्याने यायचं कुठे?"