बुधवारचा टोमणा

शनिवारी सकाळी विभागप्रमुख सर आमच्या ऑनलाइन तासाला बसणार होते. मुलं बोलली तर तास चालू राहणार, नाही तर बंद करून रेकॉर्ड केलेले व्हिडिओ टाकायचे, असं त्यांनी हा तास घेणाऱ्या मॅडमना सांगितलं होतं. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जाताना तो तास माझ्याकडे सोपवून गेल्या होत्या. मी तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. त्यामुळे ‘तू शिकव’ असं कुणी म्हटलं की आनंद व्हायच्या आधी मला धडकी भरते.

तास होता संख्याशास्त्राचा. आमचं जळगावचं कॉलेज आणि धुळ्याचं एक कॉलेज मिळून पहिल्या वर्षात या विषयात अडकलेल्या मुलांसाठी तो चालवत होती. बुधवारी आणि शनिवारी. मी विभागातल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचे आणि पडद्यावर काळे चौकोन यायचे. एकाचाही कॅमेरा चालू नसायचा. “समजलं का?” असं विचारलं की कुणी तरी “यस” टाइप करायचं, ते पाहून बाकीचे “यस” टाकायचे. मला खात्री होती की निम्मे जण फोन उशाशी ठेवून झोपलेले असतात. मी रंगीत स्लाइड केल्या, प्रश्नमंजूषा लावली, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज येईल असं केलं. टाळ्या वाजायच्या, पण त्या लॅपटॉपच्याच.

सर येणार हे कळलं त्या दिवशी एका मुलीचा फोन आला. ती आमच्याच कॉलेजची, चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. घरात रेंज नाही म्हणून ती गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून तास ऐकायची. तासात ती कधी बोलली नव्हती.

“ताई, तास बंद होणार म्हणे?”

“अजून ठरलं नाही. पण व्हिडिओ मिळतील ना. केव्हाही बघता येतील.”

“तेच तर,” ती म्हणाली. “केव्हाही बघता येतं म्हटलं की घरचे म्हणतील, मग आधी पाणी भर, बकऱ्या सोड, मग बघ. आत्ता निदान सांगता येतं की दहाला तास आहे, तिकडं ताई वाट बघतेय. व्हिडिओ कुणाची वाट बघतो?”

“बघू,” मी म्हणाले. फोन ठेवल्यावर त्या “बघू”ची मला लाज वाटत राहिली.

संध्याकाळी मायचा फोन आला. माझं घर धुळ्याकडचं, माय अहिराणीच बोलते. मी सकाळी दार लावून लॅपटॉपशी बोलते ते तिने सुट्टीत पाहिलं होतं आणि शेजारणीला सांगितलं होतं की पोर अभ्यासाने थोडी हलली आहे. मी तिला सगळं सांगितलं.

“बोलतस नही म्हनीसन रडी ऱ्हायनी का?” ती म्हणाली. “आखाजीले नदीवर कोणी मुकं ऱ्हास का? समोरतीन टोमणा उना की मुकीलेबी तोंड फुटस.”

समोरून टोमणा आला की मुकीलाही तोंड फुटतं, असं तिचं म्हणणं. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आमच्या गावात तर दुपारी बाया नदीवर जमतात. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया येतात, आणि मग गाण्यातून एकमेकींना टोमणे. तुमचं गाव असं, तुमचे नवरे तसे. नियम एकच: टोमणा आला की उत्तर द्यायचंच. उत्तर न देता काठ सोडला तर पुढच्या आखाजीपर्यंत ते ऐकून घ्यावं लागतं. लहानपणी मी मायच्या पदराआड उभी असायचे. वर्षभर खाली मान घालून राहणारी आमची काकू तिथे कमरेवर हात ठेवून ओरडताना मी पाहिली आहे.

बुधवारी मी घाबरत घाबरत मुलांचे दोन काठ केले. इकडे जळगाव, तिकडे धुळे. एका काठाने गणित घालायचं आणि सोबत एक टोमणा. दुसऱ्या काठाने गणित सोडवायचं आणि टोमणा परत करायचा. गणित चुकलं तर टोमणा मारायचा हक्क गेला.

मी नियम पुन्हा एकदा सांगितला. मग जळगावच्या काठावरच्या, केळीबागांच्या सावद्याच्या एका मुलाचा माईक उघडला. “धुळेवाल्यांनो, तुमच्याकडे ऊन सोडून काही पिकतं का? पिकत असेल तर त्याचा मध्यक काढून दाखवा!” आणि त्याने पाच आकडे सांगितले.

“तुमच्या केळीसारखं वाकडं नाही पिकत!” धुळ्याची एक मुलगी म्हणाली, आणि तिने मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला. बरोबर काढला. मग एकेक चौकोन उघडत गेला. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या तरी आजीचं “कोण भांडतंय रे?” मी बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा, शिकवला नव्हता, तर एकाने टोमण्याला धार यावी म्हणून तो पुस्तकातून स्वतःच शोधून आणला. टोमणा मारायचा तर गणित आधी आपल्याला यायला हवं, एवढी साधी गोष्ट होती ती. तास संपता संपता धुळ्याच्या त्या मुलीने सूर लावून म्हटलं,

“जळगावना पोरे गयात बजारले,
सरासरी इसरी उनात घरले!”

म्हणजे बाजारात गेले आणि सरासरीच विसरून घरी आले. आणि वेळ संपून मीटिंग बंद पडली. जळगावचं उत्तर राहिलं.

मी खूश व्हायला हवं होतं. पण रात्रभर मला सरांचा चेहरा दिसत होता. सर शिस्तीचे, शुद्ध बोलणारे. त्यांच्यासमोर केळी वाकडी आणि नवरे असे? म्हणून शुक्रवारी मी ग्रुपवर लिहिलं: “उद्या सर येणार आहेत. टोमणे नकोत. सर्वांनी नीट बोलावे.” खाली ओळीने अंगठे आले.

शनिवारी सर त्यांच्या केबिनमधून तासाला आले. केबिन माझ्या खोलीला लागूनच, त्यामुळे त्यांची खुर्ची करकरली की मला भिंतीतूनही ऐकू यायची आणि लॅपटॉपमधूनही. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली. पहिला प्रश्न विचारला. कुणी बोललं नाही. दुसरा विचारला. एकाने “यस” टाइप केलं, आणि तो प्रश्न “यस” म्हणण्यासारखा नव्हता.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. मी सोपा प्रश्न केला, मग त्याहून सोपा. मुलं नीट वागत होती. मी सांगितलं तसंच वागत होती. मी चौकोनांमध्ये त्या टाकीवरच्या मुलीचं नाव शोधत होते. ते दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. रेंज तुटत होती.

“हे असंच असतं का नेहमी?” सरांनी विचारलं. आधी भिंतीतून, मग लॅपटॉपमधून.

मी काही बोलणार तेवढ्यात चॅटमध्ये तिची एक ओळ आली. “ताई बुधवारचं उत्तर राहिलंय.” आणि तिचं नाव गेलं. पुन्हा आलंच नाही.

ती ओळ सर्वांना दिसली, सरांनाही. आता ती पुसता येत नव्हती. मी मनात म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. “जळगाव,” मी म्हणाले, “काठ सोडून जाणार का?”

सावद्याच्या त्या मुलाचा माईक उघडला. “सर, माफ करा हं. पण हे ऐकून घेणं आमच्याच्यानं होणार नाही.” आणि घसा खाकरून, सावद्याकडच्या बोलीत धुळ्याचं ‘धुया’ करत,

“धुयाच्या पोरी शायन्या भारी,
पाच आकडे मांडता सांज झाली सारी!”

“गणित घाल आधी, मग गा!” धुळ्याची मुलगी ओरडली. त्याने घातलं. तिने सोडवलं. दोन्ही काठ जागे झाले. मी मध्ये फक्त चुकलं-बरोबर सांगत होते, आणि एक कान भिंतीकडे होता.

“थांबा,” सर म्हणाले. सगळे माईक एकदम बंद झाले. “हसलात, ठीक आहे. शिकलात का? केळीचे पाच घड. चारांचं वजन वीस-वीस किलो, पाचव्याचं चाळीस. सरासरी आणि मध्यक सांगा.”

हा प्रश्न मी घेतला नव्हता. मला बोलायची मनाई नव्हती, तरी मी ओठ दाबून बसले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली, त्या आवाजाने मी दचकले.

“सरासरी चोवीस,” धुळ्याकडून आलं. “मध्यक वीस.”

“मग शेतकऱ्याला यातलं कुठलं सांगशील?”

धुळ्याची मुलगी अडली. सावद्याच्या मुलाने संधी सोडली नाही. “सर, बाग विकायची असेल तर चोवीस. विकत घ्यायची असेल तर वीस!”

भिंतीपलीकडून एक आवाज आला. तो खोकला होता की हसू, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मग सर म्हणाले, “एका मोठ्या घडाने चोवीस झालंय, हे दोघांनाही सांगायचं. परीक्षेपर्यंत तास चालू ठेवा.” आणि त्यांचा चौकोन गेला. खुर्ची मात्र थोड्या वेळाने करकरली.

मी लगेच टाकीवरच्या मुलीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दुपारी तिचाच आला. मागे बकऱ्यांचा आवाज होता.

“ताई, रेंज गेली ती गेलीच. मी तिथंच बसून राहिले होते, तास संपायच्या वेळेपर्यंत. घरी लवकर गेले असते तर त्यांना वाटलं असतं तास बंद झाला.” मग तिने विचारलं, “झाला का?”

“नाही. बुधवारी दहाला आहे.”

फोन बाजूला धरून तिने कुणाला तरी ओरडून सांगितलं, “बुधवारी दहाला मला हाक मारू नका, तास आहे!” आणि मला म्हणाली, “ताई, या वेळी आपल्या काठाचा पहिला टोमणा माझा. रेंज असेल तोवर उरकते.”