सामन्याच्या आधीचे काका

एखादी गोष्ट घडायच्या आधीच तिचा सगळा आनंद घेऊन मोकळा होणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो ट्रॉय या अमेरिकन गावात आमच्यापासून चार घरं सोडून राहत होता. त्यांना सगळे नुसतं काका म्हणत. मूळचे नागपूरचे, इथे गाड्यांचे ब्रेक तपासण्यात उभी हयात गेली. धावती गाडी कुठे थांबेल ते आधी सांगायचं आणि मग ती तिथेच थांबते का ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, आधी सांगायची खोड सुटली नाही. माझ्या बायकोच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या आदल्या दिवशी ते आपणहून घरी आले, चहाच्या कपाची गाडी करून टेबलावर अख्खी परीक्षा घेतली आणि निकालही देऊन टाकला. "पार्किंगमध्ये अडकशील तू बाई. पण दुसऱ्या खेपेला पास होते, काळजी नको करू." तंतोतंत तसंच झालं आणि बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला ते मागच्या रांगेत बसत आणि एखादा वक्ता माइकपाशी गेला की शेजाऱ्याच्या कानात सांगत, "हे साहेब दोनच शब्द बोलतो म्हणाले ना? जेवण आता तीन वाजता समजा." जेवण तीनलाच व्हायचं.

पण त्यांचा खरा जीव बेसबॉलवर. तोही खेळापेक्षा खेळाच्या आधीवर. शनिवार-रविवारचे सामने त्यांना चालत नसत. "रविवारी लोक हॉट डॉग खायला येतात रे. बुधवारी दुपारी एक वाजता जो येतो ना, तो खेळ पाहायला येतो. नाहीतर त्याच्या घरी कोणी नसते." हे शेवटचं वाक्य ते हसत हसत म्हणत. काकूंना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

आणि सामना जितका विजोड तितके काका खुशीत. एक संघ सगळ्यात वर आणि दुसरा पार तळाला असला, की सकाळी साडेसातला माझा फोन वाजलाच म्हणून समजा. मी दात घासत असे, ते वाऱ्याची दिशा सांगत असत. मग आपला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा (हे ते मला दर वेळी नव्याने समजावून सांगत), त्याचा खांदा, त्याची झोप, त्याच्या सासूचा मुक्काम किती दिवस आहे याबद्दलचा त्यांचा अंदाज. तळाच्या संघाबद्दल मात्र ते एखाद्या नातेवाइकाच्या मठ्ठ पण गुणी मुलाबद्दल बोलावं तसे हळुवार व्हायचे. "पोरगा मेहनती आहे. फक्त हातात चेंडू राहत नाही." एवढं सगळं करून ते स्टेडियमवर जात आणि नऊपैकी तिसरी इनिंग संपली, की उठून घरी येत. झाल्या सामन्याबद्दल चकार शब्द नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "झालं ना ते? मग सांगायचं काय राहिलं?"

"एकदा चल ना यार माझ्यासोबत," असं ते मला सहा वर्षं म्हणत होते आणि मी सहा वर्षं "पुढच्या वेळी नक्की" म्हणत होतो. शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी हो म्हटलं. आदल्या संध्याकाळी काका कागद घेऊन घरी आले. मैदानाचं चित्र काढलं, आपण कुठे बसणार तिथे दोन फुल्या मारल्या. पाहुणा संघ ओळीने इतके सामने हरला होता, की काकांनाही भरून आलं. "उद्याचा सामना नाही रे तो, शोकसभा आहे. पण पाचव्या इनिंगपर्यंत बसू. तू पहिल्यांदा येतो आहेस."

सकाळी नऊला माझ्या मॅनेजरने दीड वाजताची मीटिंग लावली. जमणार नाही असं मी सांगू शकलो असतो. पण बेसबॉल बघायला जातोय म्हणायचा मला संकोच वाटला. काकांना फोन केला. "सॉरी काका, कॅन्सल करावं लागतंय." ते म्हणाले, "अरे, काम पहिले. तुझ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवीन." अकराला त्यांची गाडी आमच्या खिडकीसमोरून हळूच गेली.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी ती मीटिंगच कॅन्सल झाली. स्टेडियम अर्ध्या तासावर. मी किल्ली हातात घेतली, ठेवली, सकाळचे पोहे गरम करून खाल्ले आणि ई-मेल बघत बसलो. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात काका, नाक उन्हाने लालबुंद, टोपी वाकडी, धाप लागलेली. "अरे, तुला सांगतो..." मी ऑफिसच्या कॅलिफोर्नियातल्या टीमशी कॉलवर होतो. मी बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली आणि आतल्या खोलीचं दार लोटलं. बाहेर माझी सात वर्षांची मुलगी विचारत होती, "काका, हू वन?"

"सांगतो, बाबाला येऊ दे."

पंधरा मिनिटं ते बूट न काढता दाराशी उभे होते. बायकोने पाणी दिलं, बसा म्हटलं. "नाही, त्यालाच सांगायचं होतं. कामात आहे तो," असं म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारलं, तर नेहमीचेच काका. "असू दे रे. झालं ते." मी फोनवर शोधलं: पाहुण्या संघाने शेवटच्या इनिंगमध्ये सामना फिरवला होता. आकडे सगळे मिळाले. पण त्या दुपारी काका शेवटच्या चेंडूपर्यंत का बसले, आणि काय पाहून ते धापा टाकत आमच्या दारात आले, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर ते जिन्यात पडले आणि त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे, दूर रेडमंडला नेलं. खोकी भरायला मी गेलो होतो. मुद्दाम रजा टाकून गेलो, आणि त्या दिवशी मॅनेजरने एका शब्दानेही हटकलं नाही.

आता रविवारी फोन होतो. एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी यायला हवं होतं. तुम्ही काय सांगायला आला होता?"

"कोणत्या दिवशी रे?"

मुलगा म्हणतो, हल्ली ते बरंच विसरतात. खरंच विसरले, की मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून विसरले, हे मला त्यांच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. मी म्हटलं, "काही नाही, असंच. इकडचा बर्फ वितळला. पुढच्या आठवड्यापासून सामने सुरू होतील."

"हो का?" काका म्हणाले. "छान." मग मीच त्यांना इकडच्या वाऱ्याची दिशा सांगायला लागलो.