विनिफ्रेडच्या नावाचं झाड

आयली कोस्केला आठवीनंतर शाळेत गेली नाही. वडील सुपीरियर सरोवरात मासे धरायचे आणि ही काठावर बसून जाळी सांधायची. त्याच बोटांनी पुढे तिनं त्याच सरोवराकाठच्या कीविनॉतल्या आमच्या कॉलेजात एकतीस वर्षं सुकवलेली झाडं कागदावर चिकटवली. मी शेजारच्या टेबलावर त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाइप करायचे. माझी चिठ्ठी दोन मिनिटांत व्हायची, तिचं एक झाड पाऊण तास चालायचं. एक पान उताणं, एक पालथं, मूळ नीट दिसलं पाहिजे, जाड दांडा असेल तर दोऱ्यानं दोन टाके.

"अहो आयलीबाई, मेलंय ते झाड. त्याला दुखत नाही," मी वैतागून म्हणायचे.

"बघणाऱ्याचे डोळे दुखतात ना, पोरी. तू आपला टकटकाट कर."

१९७४ च्या हिवाळ्यात प्रोफेसर पेनहेल यांनी तिच्यापुढे वर्तमानपत्राची एक घडी ठेवली. आत एकच झाड होतं. वर घंटेसारखं निळं फूल आणि खाली जाड, लवदार पानांचा गुच्छ. असलं फूल असल्या पानांवर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. प्रोफेसर सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले. हे झाड ज्या कड्यावर मिळालं, तिथे ते पुन्हा चढणार नव्हते. पण नवी प्रजाती हाती लागली होती आणि तिला ते बायकोचं नाव देणार होते. विनिफ्रेडबाई चाळीस उन्हाळे झाडं दाबायच्या फळ्या पाठीवर घेऊन त्यांच्यामागून डोंगर चढल्या होत्या. आदल्या वर्षी त्या गेल्या.

लॅटिनमधलं वर्णन लिहून तयार होतं, शुक्रवारच्या टपालानं जायचं होतं. पण नवं नाव हवेत ठेवता येत नाही, त्याला एक मूळ नमुना लागतो. पुढे जगात कुणालाही शंका आली की तो माणूस त्याच एका कागदाकडे येतो. तेवढा कागद व्हायचा बाकी होता.

आयलीनं ब्रशनं पाणी लावून झाड सोडवलं आणि थांबली. दांडा बोटांत धरून तिनं हळूच फिरवला. खालची पानं जागची हलली नाहीत.

"ही दोन झाडं आहेत गं," ती म्हणाली.

खडकाच्या एकाच भेगेत दोन रोपं उगवली होती. एकाच्या पानांमधून दुसऱ्याचा दांडा वर आला होता आणि दोन्ही एकत्र दाबली गेली होती. दोन्ही आमच्याकडची, ढीगभर उगवणारी.

"चिकटवा आणि गप्प बसा," मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गोंद वाळल्यावर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"नाहीच कळणार. उद्या या कागदाच्या भरवशावर कुणीतरी त्या कड्याला लटकेल आणि नसलेलं झाड शोधत बसेल."

"आणि म्हाताऱ्याचं काय? त्याचं काळीज फुटेल!"

"विनिफ्रेड या टेबलाशी बसून माझ्या हातचा वेलचीचा पाव खायची," ती तडकली. "तिच्या नावावर खोटं मी चिकटवणार नाही."

आयली ती घडी उचलून प्रोफेसरांकडे गेली. मी रागारागानं मागे गेले, निदान म्हाताऱ्याला सावरायला कुणी हवं म्हणून.

प्रोफेसरांनी भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"विनी असती तर कड्यावरच म्हणाली असती, हेडली, चष्मा पूस."

त्यांनी वर्णनाचे कागद फाडून टोपलीत टाकले. मग त्यांनी नव्या नावाची, मी टाइप केलेली चिठ्ठी उचलली. आयलीनं त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना कधी हात लावला नव्हता.

"ही नाही फाडायची."

"चूक आहे ती, आयली."

"असू दे. एकदा लिहिलेलं नाव काढायचं नाही, चुकलं तर खाली नवी चिठ्ठी लावायची. मला पहिल्या दिवशी कुणी शिकवलं हे?"

प्रोफेसर मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसले, चष्माही पुसला. मग स्वतःच्या हातानं नवी चिठ्ठी लिहिली: 'एक नव्हे, दोन झाडं. ओळखलं: आयली कोस्केला.'

"माझं नाव कशाला? मी गोंद लावणारी बाई."

"ज्यानं ओळखलं त्याचं नाव. हाही नियमच आहे. आता लाव मुकाट्यानं."

आयली आता नाही, प्रोफेसरही नाहीत. विनिफ्रेडच्या नावाचं झाड जगात कुठेच नाही. पण तो कागद मी अजून अधूनमधून कपाटातून काढते. झाडाखाली विनिफ्रेडचं नाव आहे, त्याखाली आयलीचं. त्या दिवशी तिनं माझं ऐकलं असतं, तर तिथे एकच नाव असतं, आणि तेही खोटं.