जनीताईंचं दुसरं दुखणं

जनीताईंनी मला दोनदा सांगितलं होतं.
दोन्ही वेळा मी त्यांना समजावून परत पाठवलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

खोडाळ्याजवळच्या एका आश्रमशाळेत त्या स्वयंपाक करायच्या. भाताची भरलेली टोपं उतरवून कंबर धरली, ती तीन वर्षं सुटली नाही. काम बंद झालं. जव्हारच्या दवाखान्यात आमच्याकडे आल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या.

जुनाट दुखण्यांसाठीची आमची टीम तिघांची. डॉक्टर, समुपदेशक आणि मी, फिजिओ.
एक्सरे, रक्त, सगळं नॉर्मल.
आम्ही शिकवलं, की दुखतंय म्हणजे आत काही बिघडतंयच असं नाही. हलत राहायचं.

"म्हंजी दुखला तरी करायचा?"
"हो ताई. हळूहळू."

त्यांनी केलं. आधी रिकामं टोप, मग अर्धं भरलेलं. सहा महिन्यांनी त्या पुन्हा कामावर गेल्या. पोरांना वाढतानाचा त्यांचा फोटो मी अख्ख्या ओपीडीला दाखवला होता.

दिवाळीनंतर फॉलो-अपला आल्या.
"म्याडम, ह्यो दुखणा येगळा हाय. पयल्यावानी नाय."
मी केसपेपरवर लिहिलं, कामाचा ताण. दोन व्यायाम वाढवून दिले.

महिन्याभराने पुन्हा आल्या. ब्लाउज अंगावर लोंबत होता.
"पायातली चप्पल निसटते, माला समजतच नाय."

मला खटकलं. खरंच खटकलं.
पण बाहेर रांग होती. वाटलं, डॉक्टर बघतीलच.
डॉक्टरांना वाटलं, मी बघतेय.
समुपदेशकाला त्या म्हणाल्या, भीती वाटते. त्याने भीतीवर काम केलं.

पंधरा दिवसांनी त्या शाळेत तांदूळ निवडायला बसल्या आणि त्यांना उठताच येईना. कमरेखालचं सगळं बधिर.

नाशिकला एमआरआय झाला. मणक्यात गाठ. पसरलेली.

मी त्यांच्या पाड्यावर गेले. माफी मागायची, असं वाटेत ठरवलं होतं. नवऱ्याने उशीला टेकवून त्यांना बसवलं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"म्याडम, कदी येव परत व्यायामाला? शाळावाल्यांनी माझी जागा ठेवलीय."

मी म्हणाले, "या ना, लवकरच."
माफी मागायची राहूनच गेली.
आठ दिवसांत त्या गेल्या.

उद्याही ओपीडीत पाच-सहा जणी कंबर धरून बसलेल्या असतील. त्यातल्या कुणाचं दुखणं वेगळं असेल, मला माहीत नाही.

जनीताई, तुम्ही बरोबर होता. मी चुकले.
शांत झोपा.