नववा प्रश्न, बुटीबोरीमार्गे घरी

त्या मंगळवारी सकाळी मी तुळशीला पाणी घातलं, डोळे मिटून देवापुढे दिवा लावला आणि अंगणातल्या खाटेवर बसून स्वतःचीच मुलाखत घेतली.

आमच्या कामातला तो नियम आहे. मी एका संशोधन गटासाठी घरोघरी जाऊन प्रश्न विचारतो. या वेळचा विषय होता गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस. मुलींना ती द्यायची की नाही हे आईवडील कसं ठरवतात, आणि ठरत नसेल तर गाडी कुठे अडते, हे जाणून घ्यायचं. लोकांकडे जाण्याआधी प्रत्येकाने आपला फॉर्म आपण भरून पाहायचा. आठवा प्रश्न, मुलीला लस दिली का? आमची पौर्णिमा तेरा वर्षांची. मी लिहिलं, नाही. नववा, का नाही? मी पेन कानामागे खोचला आणि कढीपत्त्याच्या झाडाकडे बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं, ‘पत्नीची तयारी नाही.’

माझ्या पत्नीची, मंगलाची, थोरली बहीण याच आजाराने गेली. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव निघत नाही. वर्षभर मी लसीचा विषय ओठांवर आणतो आणि पाण्यासोबत गिळतो. मंगलाला विचारलं का, असा प्रश्न फॉर्मात नव्हता. सुटलो, म्हटलं, आणि गाडीला किक मारली.

पहिला दिवस जरीपटक्याच्या बाजारपेठेचा. तुम्ही कधी गेलात तर दुचाकी बाजाराबाहेर ठेवा आणि पायी फिरा, नाहीतर एका गल्लीत अर्धा दिवस जाईल. कापडाच्या एका दुकानात मालकीणबाईंना मी पहिला प्रश्न विचारला. त्यांनी मला सात विचारले. “भैया, बेटी है? कौनसा रंग पसंद है उसको?” अर्ध्या तासाने मी फॉर्म आणि एक पिवळी ओढणी घेऊन बाहेर पडलो. ओढणी दीडशेची. फॉर्म अर्धाच भरलेला.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरी. सोबत वनिताताई, माझ्या सहकारी, त्यांच्या स्कूटीवर. मनीषनगरातून सातला निघालो. वर्धा रोडवर सकाळी ट्रक फार, म्हणून लवकर निघावं. वाटेत टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तिसाची प्लेट. तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा लाल रस्सा, अशी तिखट की वनिताताईंनी डोळे पुसत विचारलं, “दादा, रडायचं काम मुलाखतीआधीच सुरू का?” पुढे हिवाळ्याचं कोवळं ऊन, संत्र्यांचे ढीग, आणि मग कारखान्यांच्या चिमण्या.

कापड गिरणीतल्या कामगारांच्या खोल्यांत आम्हाला एक जोडपं भेटलं, सुधाकर आणि त्याची बायको शालू. मुलगी शाळेत गेलेली. इथे आमचा दुसरा नियम: नवऱ्याची आणि बायकोची मुलाखत एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी घ्यायची. एकाचं उत्तर दुसऱ्याला भुवईनेसुद्धा कळू द्यायचं नाही. वनिताताई आत गेल्या. मी सुधाकरसोबत कडुनिंबाखाली बसलो.

“मले तं द्यायची हाये लस,” तो म्हणाला. “पन आमची बाई नाही म्हनते.”

“त्या तसं बोलल्या?”

“बोलाले काहून लागते गा भाऊ? पंधरा वर्षं झाली लग्नाले. चेहरा वाचता येते मले.”

मी तसंच लिहिलं. काम आटोपून आम्ही चौकात चहाला थांबलो. तिथे फॉर्म तपासायचे असतात. वनिताताईंनी शालूचा फॉर्म उघडून माझ्यापुढे सरकवला. ‘मले तं द्यायची हाये. पन हे नाही म्हनतीन. त्यायचा चेहरा मले वाचता येते.’

चहा माझ्या नाकात गेला. वनिताताई बाकावर वाकून हसत होत्या. चहावाला म्हणाला, “सरकारी काम इतकं मजेचं असते का गा?”

“सांगून येऊ त्यांना,” मी म्हटलं.

“नियम, दादा.” त्यांनी फॉर्म पिशवीत टाकला आणि पिशवीत पाहतच राहिल्या. “आपण पत्रक वाचून दाखवायचंच विसरलो.”

मुलाखत संपली की दोघांना एकत्र बसवून माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवायचं, हा तिसरा नियम. तो पाळायला आम्ही इतक्या घाईने कधी गेलो नव्हतो. सुधाकर-शालू उंबऱ्यावर बसले. मी वाचलं. शेवटची ओळ होती, ‘आईवडिलांनी आपसांत बोलून निर्णय घ्यावा.’

सुधाकर शालूकडे वळला. मग म्हणाला, “बोल ना मंग.”

“तुमीच बोला.”

“तुले नाही द्यायची ना?”

“मी कवा म्हनलं? तुमालेच नाही द्यायची.”

“मले? मी तं शनिवारची सुट्टी पाहून राहिलो.”

वनिताताईंनी पदर दातांत धरला. मी हसू दाबून समोरच्या नळाकडे पाहत होतो. आम्ही निघालो तेव्हा नवराबायकोचं भांडण रंगलं होतं. मुलीला घेऊन कोणी जायचं यावर, कारण दोघांनाही जायचं होतं.

परतताना मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. सिग्नलला शेजारचा ऑटोवाला जरा दूर सरकला. हे हसू खापरीच्या पुलापर्यंत टिकलं. तिथे मला माझं स्वतःचं नववं उत्तर आठवलं. गाडी कडेला घेतली, मातामायच्या लहानशा देवळापुढे हात जोडले. पौर्णिमाला सांभाळ, एवढंच मी रोज मागतो. त्या दिवशी काही मागितलं नाही. मला आता घरी एक प्रश्न विचारायचा होता.

मंगला सांबारवडीसाठी सांबार निवडत होती, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मी बूट न काढताच विचारलं, “पौर्णिमाला ती लस द्यायची का?”

तिने जुडी खाली ठेवली. उठून देवघरात गेली आणि दिव्याखालच्या कापडाच्या घडीतून डोकावणारी एक चिठ्ठी आणली. लसीकरण केंद्राचा पत्ता, वेळ, वार. तिच्या अक्षरात. कडा तेलाने पिवळ्या झालेल्या.

“सहा महिने झाले ठेवून,” ती म्हणाली. “मले वाटलं, ताईच्या दुखण्याचं नाव काढलं तं तुमाले सोसनार नाही. म्हटलं, दिवा लावताना दिसन तं स्वतःच विचारतीन.” मग जरा थांबून, “तुमी डोळे मिटून दिवा लावता, दिसन कसं?”

आधी ती हसली, मग आम्ही दोघं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि बऱ्याच दिवसांनी बहिणीबद्दल बोलली. सांबार तसंच पडून राहिलं. जेवायला उशीर झाला.

प्रवास दोन दिवसांचा, खर्च पेट्रोल, पोहे आणि ओढणी. अंतर जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. माझा फॉर्म मी बदलला नाही. मंगळवारी मी जे समजत होतो तेच त्यात लिहिलं आहे, आणि संशोधनाला तेच हवं असतं.

शनिवारी सकाळी डोळे उघडे ठेवून दिवा लावला. दहाला आम्ही तिघं केंद्रावर पोहोचलो. पौर्णिमाने पिवळी ओढणी घेतली होती. “बाबा, तुम्ही तिकडे बघा, तुम्हालाच भीती वाटते,” ती म्हणाली. मी मंगलाकडे पाहिलं. पुन्हा वळेपर्यंत लस टोचून झाली होती.