अतिमानव सहकारी संस्था, मर्यादित

आमच्या आष्टी तालुक्यात पाण्याखेरीज सर्व काही साचते. धूळ साचते, ठराव साचतात, आणि किस्से तर इतके साचतात की अधूनमधून ते उपसायला कुणीतरी बसावेच लागते. मी निवृत्त मनुष्य आहे, वेळ आहे, म्हणून उपसतो.

हे किस्से आमच्या गुरुवारच्या खेळाचे आहेत. मी सातवी उत्तीर्ण. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली आणि उसाच्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जे वाचता आले ते वाचले. आता गावचे वाचनालय सांभाळतो. पुण्याच्या नातीने माझ्या वाढदिवसाला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे पाठवले. ते पुस्तक मी शब्दकोश घेऊन चार महिन्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. कुणाचे साहाय्य घेतले नाही, हे नमूद करतो.

खेळ असा. सूत्रधाराने एक काल्पनिक नगर उभे करायचे, त्यावर संकट आणायचे आणि विचारायचे, "तुम्ही काय करता?" प्रत्येक खेळाडूने एक अतिमानव व्हायचे आणि आपण काय करतो ते सांगायचे. ते जमले की फसले, हे फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळे बोलण्यावर! मी पुस्तक मिटले आणि म्हटले, हा खेळ तर आमच्या गावासाठीच निर्माण झाला आहे.

"सुपरहिरो म्हना की नाना, अतिमानव कावून?" असे अंकुश अजूनही म्हणतो. मी अतिमानवच म्हणतो.

*

पहिल्या गुरुवारी दोनच खेळाडू होते. एक बप्पा, म्हणजे आमच्या विकास सोसायटीचे निवृत्त गटसचिव. दुसरा अंकुश, गावच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते. मागे उरतात ते म्हातारे, पदाधिकारी आणि टँकर.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. आमच्या काल्पनिक नगराचे नाव खेळाडूंनी एकमताने 'महापूर' ठेवले. मग मी विचारले, "आपापली शक्ती निवडा."

दोघेही एकदम म्हणाले, "पाऊस पाडायची!"

मी स्पष्ट नकार दिला. म्हणालो, "ही शक्ती दिली तर खेळ पाच मिनिटांत संपेल."

अंकुश म्हणाला, "संपू द्या की नाना. कुनाचं काय जातंय?"

मी शक्तींची यादी पुढे सरकवली. शेवटी अंकुशने वायुवेग घेतला, कारण त्याचा टँकर कडा गावच्या रस्त्यावर बैलगाडीच्या मागे चालतो. बप्पांनी वज्रदेह घेतला. तीस वर्षे सोसायटीत काढलेल्या माणसाला तो मुळातच असतो, असे माझे मत आहे. पण मी ते बोललो नाही.

*

सिंधूबाई आमच्यात आल्या त्या खेळायला नव्हे. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहतात. त्या वस्तीला टँकरची एकही खेप नव्हती. टँकर दिवसातून सहा वेळा येई आणि सहाही वेळा गावातल्या विहिरीत रिकामा होई. वस्तीच्या बायका ओढा उतरून येत, आणि त्या पोहोचेपर्यंत विहिरीत गाळ उरलेला असे. खेपा कागदोपत्री ग्रामपंचायत ठरवते. प्रत्यक्षात सोसायटीचे चेअरमन आबासाहेब ठरवतात. वाचनालयाची खोली सोसायटीच्याच इमारतीत असल्याने तिथे दिवा दिसला, तेव्हा सिंधूबाईंना वाटले की मीटिंग चालू आहे.

"जयभीम नाना. वस्तीच्या खेपंचं बोलायचं होतं."

मी म्हणालो, "बाई, ही सभा नाही. खेळ आहे."

त्यांनी आम्हा तिघांकडे नीट पाहिले. सोसायटीचा जुना सचिव, टँकरचा ड्रायव्हर आणि वाचनालयाचा नाना. त्या सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग मी बी खेळते. दर गुरवारी येईन. कधी ना कधी खेपंचा विषय निघंलच."

मी त्यांना शक्तींची यादी वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "भरलेली घागर डोक्यावर घिऊन, थेंब न सांडता ओढा चढायची शक्ती हाय का यात?"

"बाई, ते तर तुम्ही रोजच करता."

"म्हंजी ती शक्ती धरत न्हाईत व्हय?"

बराच विचार करून त्यांनी जी शक्ती मागितली, ती पुस्तकात नव्हती. त्यांची अतिमानव बोलली की कुणालाही 'मला ऐकूच आलं नाही' असे म्हणता येणार नाही! मी ती मंजूर केली. बप्पा मात्र कुरकुरले, "ही लई डेंजर शक्ती हाय नाना. गावं मोडतील हिनं."

*

महापुरावरचे पहिले संकट मी मोठ्या कष्टाने रचले होते. शोषासुर नावाचा खलनायक नगराच्या धरणाला सुरुंग लावून बसला आहे; वात पेटली आहे. मी आवाज चढवून विचारले, "तुम्ही काय करता?"

बप्पा म्हणाले, "तातडीची सभा बोलवतो."

मी समजावले की धरण फुटते आहे. बप्पांनी शांतपणे पिशवीतून कोरे रजिस्टर काढले आणि वर लिहिले, 'अतिमानव सहकारी संस्था, मर्यादित'. मग त्यांनी हजेरी घेतली. अंकुश त्या दिवशी टँकर घेऊन बाहेर गेलेला. दोनच सभासद हजर. कोरम भरेना!

"नियमापरमानं सभा अर्धा तास तहकूब," बप्पा म्हणाले. "तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. मंग बगू सुरुंगाचं."

सिंधूबाई कळवळून म्हणाल्या, "अवो बप्पा, मी जाते ना एकटी! विझवते वात!"

"एकट्यानं जायचं आसंल तर आदी राजीनामा द्या."

मी अर्धा तास थांबलो नाही. फासा टाकला आणि जाहीर केले, "धरण फुटले!"

बप्पांनी मान वर न करता लिहिता लिहिता सांगितले, "त्याची नोंद पुढच्या सभेत घिऊ."

*

वाचनालयात दर गुरुवारी माणसे जमतात, रजिस्टर भरतात आणि कसलीतरी संस्था काढली आहे, ही बातमी आबासाहेबांपर्यंत जायला एक आठवडा लागला. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. आपल्याविरुद्ध पॅनेल तयार होते आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि ते स्वतः आले.

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. त्यांनी पात्रांचे कागद उलटसुलट करून पाहिले, त्यांत एकही उमेदवारी अर्ज नाही हे तपासले, आणि मग खुर्ची मागवली. आम्ही सतरंजीवर, ते खुर्चीवर.

"मला कोन्ती शक्ती?"

बप्पा लगबगीने म्हणाले, "आबासाहेब, तुमाला कशाची कमी हाय? सगळ्याच लिहितो!"

अडचण फाशाची आली. आबासाहेबांनी फाशाला हात लावण्यास नकार दिला. म्हणाले, "फासा टाकायचा म्हंजी आमच्यावर शंका घेनं झालं."

मग त्यांच्या वतीने बप्पा फासा टाकू लागले. फासा घरंगळत असतानाच बप्पा ओरडत, "वीस!" एकदा तो कपाटाखाली गेला. तरीही वीसच!

*

त्याच बैठकीत आबासाहेब खुलले. महापुरात त्यांनी उड्डाणपूल बांधले, शोषासुराला दोनदा चारीमुंड्या चीत केले आणि प्रसन्न होऊन सिंधूबाईंना म्हणाले, "तुमचा तो महापुरातला वॉर्ड कोरडा हाय न्हवं? घ्या. आख्खी नदी वळवली तिकडं. लिही रे बप्पा, नदी दिली."

सिंधूबाई म्हणाल्या, "आबासाहेब, नदी नको. सहातली एक खेप द्या. ओढ्यापल्याड. खरी."

अंकुशने मान खाली घातली. टँकर त्याचा नव्हता, आबासाहेबांच्या पुतण्याचा होता. बप्पांच्या मुलाची सोसायटीत शिपाई म्हणून ऑर्डर निघायची होती. आणि माझी सात कपाटे ज्या खोलीत उभी होती, तिची किल्ली आबासाहेबांच्या घरी खुंटीला असे.

आबासाहेब हसले. म्हणाले, "बाई, खेळात राजकारण आनू नका."

*

आबासाहेब आल्यावर शोषासुराचे काय झाले, तेही सांगतो. तीन नगरे कोरडी पाडून तो महापुराच्या वेशीवर आला. मी विचारले, "तुम्ही काय करता?"

"त्याला चहाला बोलवा," आबासाहेब म्हणाले.

चहानंतर त्यांनी शोषासुराला अतिमानव संस्थेवर स्वीकृत संचालक म्हणून घेतले! मी सूत्रधार या नात्याने हरकत नोंदवली. ज्याने तीन नगरांचे पाणी शोषले, त्याला पाणीपुरवठ्याचे खाते?

"मंग काय झालं? अनुभव हाय त्याला."

त्या आठवड्यात नातीचा फोन आला. तिने उत्साहाने विचारले, "आजोबा, कोण जिंकलं? हिरो की व्हिलन?"

मी सांगितले, "बिनविरोध झाली."

*

पुढचा प्रसंग खेळातला नाही. परंतु तो वगळला तर शेवटचा किस्सा कळणार नाही, आणि वगळावासा वाटतो हेच तो लिहिण्याचे कारण आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रामसभा लागली. आदल्या गुरुवारी आबासाहेब आलेले नव्हते. सिंधूबाईंनी आम्हाला विचारले, "मी खेपंचा ठराव मांडते. अनुमोदन लागतंय. वस्तीतली मानसं समदी तोडीला गेलीत, माघारी बायका आन म्हातारी. त्यांचं कुनी मोजत न्हाई. तुमी देताल का?"

बप्पा म्हणाले, "तू उभी तर ऱ्हा पोरी. आमी हावोत."

अंकुश म्हणाला, "ताई, तुमी बोला फकस्त."

मी म्हणालो, "सिंधूबाई, वाचणारा मनुष्य भीत नसतो." हे वाक्य मी बोललो. ते मागे घेता येत नाही.

सभेत सिंधूबाई उभ्या राहिल्या. सहा खेपांपैकी एक ओढ्यापलीकडच्या हौदात रिकामी करावी, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले. सरपंचांनी आबासाहेबांकडे पाहिले, मग सभेकडे. "अनुमोदन?"

बप्पांच्या चपलेत खडा गेला. तो निघता निघेना. अंकुश टँकरला ब्रेक लावला आहे की नाही हे पाहायला गेला. मी चष्मा पुसत होतो. तो मी इतका वेळ पुसला की काच गरम झाली. सिंधूबाई उभ्याच होत्या.

"अनुमोदन न्हाई, ठराव बारगळला," सरपंच म्हणाले. पुढचा विषय शाळेच्या रंगरंगोटीचा होता. तो एकमताने मंजूर झाला. हात माझाही वर होता.

*

पुढच्या गुरुवारी त्या येणार नाहीत, असे आम्ही तिघे न बोलता धरून चाललो होतो. त्या आल्या. नेहमीच्या वेळी, ओढा उतरून. आबासाहेब बीडला गेले होते. खुर्ची रिकामी होती.

"जयभीम नाना. आज मी सूत्रधार व्हते. तुमी खेळा."

मी जागा सोडली. बप्पा आणि अंकुश यांच्या मध्ये सतरंजीवर बसलो. आयुष्यात प्रथमच माझ्यासमोर पात्राचा कोरा कागद आला.

सिंधूबाईंनी फासे उचलून पिशवीत टाकले आणि पिशवीचे तोंड बांधले. मग सांगू लागल्या, "सकाळचे अकरा वाजलेत. शाळंच्या पटांगनात मांडव हाय. तुमी तिघं म्होरच्या सतरंजीवर बसलाव. एक बाई उभी ऱ्हाती. तिला जे बोलायचं ते बोलती, आन थांबती. कुनी कायबी बोलंना. तुमी काय करता?"

अंकुश पिशवीच्या गाठीकडे पाहू लागला. बप्पांनी विचारले, "शत्रू कुटं हाय, ते तरी सांग की."

"शत्रू न्हाई."

"मंग फासा टाकू का?"

"याला फासा लागत न्हाई बप्पा."

बाहेर विहिरीवर रहाट करकरत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "नाना, तुमी?"

मी पेन्सिल उचलली. काहीतरी विचारायचे म्हणून, नियमाला धरून विचारले, "माझ्या पात्राची शक्ती कोणती?"

"हात वर करता येतो. येवढीच. तिघांची बी."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. आबासाहेब बीडला होते. दार आतून लावलेले होते. खोलीत आम्हा चौघांवाचून कुणी नव्हते, आणि हे सारे काल्पनिक होते.

बप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आधी त्यांनी खिडकी लावून घेतली.