लूमची खांदशेकणी

आमचं गाव परतवाड्याजवळ, तिथून अमरावती अशी कितीशी लांब! पण अमरावतीबाहेरच्या कापड कारखान्यात लागलो आणि आम्ही 'बाहेरचे' झालो. ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो ते घरमालकही वऱ्हाडीच. त्यांच्या वावरात आता तुरीऐवजी पत्र्याच्या खोल्या उगवतात. तरी नळावर भांडण झालं की म्हणतात, "हे बाहेरचे लोक आले अन् गाव नासवलं." ओडिशाची शेजारीण आणि मी तेव्हा एकाच रांगेत उभ्या असतो. पहिल्यांदा मी भांडायचे. आता नुसती बादली पुढे सरकवते.

गावात वाटणीची थोडी जमीन होती, ती दिराला करायला दिली. सगळीकडे ट्रॅक्टर आले, आमची बैलजोडी कोणी कामाला बोलवेना, तेव्हा ह्यांनी परतवाड्याच्या बाजारात बैल विकले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी समजूत घातली, कारखान्यात सावलीतलं काम असतं, म्हटलं. सावली आहे, खोटं नाही. पण आगीतून फुफाट्यात.

हे लूमवर, मी चेकिंगच्या टेबलावर. विणलेला तागा दिव्यावरून ओढायचा आणि डाग, गाठ, तुटका धागा दिसला की खडूने खूण करायची. आयुष्यभर कापूस वेचला, आता त्याचाच भुसा नाकात, केसांत, पोळीत. आवाज एवढा, की घरी आल्यावरही आम्ही ओरडूनच बोलायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांडतात. कधी कधी भांडायचोही.

ह्यांच्या डोक्यात एकच होतं, पक्कं व्हायचं. सुपरवायझरने सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत काम चोख ठेवलं तर लूमवर पक्का कारागीर म्हणून घेऊ. नाहीतर ठेकेदाराच्या माणसांत, गठ्ठे उचलायला. हे पक्के झाले की मुलीला इथे आणायचं, शाळेत घालायचं, असं आमचं ठरलं होतं. ती माझ्या आईजवळ राहायची. फोनवर विचारायची, "आई, मले कधी नेतं?" मी म्हणायचे, दिवाळीनंतर.

पोळा जवळ आला. ह्यांनी सुट्टी मागितली. सुपरवायझर इंदूरकडचा. माणूस वाईट नव्हता, सदा घाईत असायचा. म्हणाला, "बैल हैं तुम्हारे पास?"

"नहीं, साब."

"फिर छुट्टी किस बात की?"

खरंच होतं ते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलाच्या ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं, तो खांदा शेकून त्याला हळद-लोणी चोळतात आणि बैलाला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी ह्यांची दुसरी पाळी होती. डब्यासोबत एक लहान डबी घेतलेली दिसली. काय हाय, विचारलं तर म्हणाले, लिंबाचं लोणचं. मीही खरं मानलं.

सकाळी ह्यांच्या लूमचा तागा माझ्या टेबलावर आला. पांढऱ्या कापडाच्या काठाला पिवळा ओघळ, लांबवर गेलेला. वाकून वास घेतला आणि ती डबी आठवली. लोणी होतं. मशीन तापलं, लोणी वितळलं आणि हळद घेऊन कापडावर उतरलं. खूण केली तर ह्यांचं पक्कं होणं गेलं. नाही केली तर पुढे कोणीतरी करणारच. खडू हातातच राहिला, तोवर सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, तेल आहे. त्याने स्वतःच साबणाचं पाणी फवारलं. हळदीला साबण लागला की काय होतं, ते कोणत्याही बाईला विचारा. डाग लालभडक झाला.

"खून! किसका हाथ गया?" तो ओरडला. खरंच घाबरला होता बिचारा.

दुसऱ्या पाळीच्या कारागिरांना खोल्यांवरून बोलावून आणलं, रांगेत उभं करून हात पुढे करायला लावले. ह्यांनीही केले. कापलेलं कुठेच नव्हतं. नखांत पिवळं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "साब, खांदशेकनी केली." त्याला काय कळणार? मग मीच मोडक्या हिंदीत सांगितलं, बैल, जू, खांदा, सगळं. सांगताना लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन का कंधा कहाँ होता है?"

हे लूमजवळ गेले आणि बाजूच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवला. कोणी हसलं नाही. पण तागा वाया गेला होता आणि वर जाब त्यालाच द्यायचा होता. दुसऱ्या दिवसापासून हे ठेकेदाराच्या माणसांत.

घरी मी तोंड सोडलं. "कावून केलं असं? लोखंड हाय ते, त्याले काय समजते?"

"त्याले नाही समजत," हे म्हणाले. "मले समजते. सालभर त्याच्याच जिवावर जेवलो न आपन."

दिवाळी आली तशी गेली. मुलगी आईकडेच आहे. हल्ली ती विचारत नाही, कधी नेतं म्हणून. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा शर्ट खांद्याला चिकटला होता. गठ्ठे वाहून खांदा सुजला होता, काळानिळा पडला होता. मी पाणी तापवलं, फडकं पिळून शेक दिला. मग हळद घेतली, दुकानातून आणलेलं थोडं लोणी घेतलं आणि चोळायला लागले. चोळता चोळता लक्षात आलं, आपण काय करतोय, आणि हात थांबला. ह्यांच्याही लक्षात आलं असावं. मान खाली घालूनच म्हणाले, "आवतन दे न मंग."

मी पुन्हा चोळायला लागले. आवतनाऐवजी विचारलं, "उद्या सुटी हाय का तुमाले?"

"नाही," हे म्हणाले. "बैल कुठं हाये आपल्यापाशी?"